गाडी गॅसवर, वहिनी चुलीवर

माझा भाचा नितीन पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. गेल्या महिन्यात तो महाडला आला तो बॅगेतून एक गुळगुळीत रंगीत पुस्तक घेऊनच. आत नव्या गाडीचे फोटो. "मामा, हायब्रिड घ्यायची म्हणतोय. पेट्रोलचं इंजिन आहेच, शिवाय बॅटरीवर चालणारी मोटर. सिग्नलला उभी राहिली की इंजिन आपोआप बंद. परवडेल का?"

मी किंमत विचारली. त्याने सांगितली. मी उठून पाणी प्यायलो.

"अरे, एका इंजिनाची कटकट ऐकता ऐकता माझे कान गेले," म्हटलं, "आणि तू दोन पाळणार?" तो हसला. मामा म्हातारा झाला असं त्याच्या मनात आलं असणार, आणि झालोच आहे मी. गॅरेजचं शटर कायमचं ओढूनही आता वर्ष होत आलं. पण दोन गोष्टींवर चालणाऱ्या गाडीचं म्हणाल, तर ह्या भागात त्यावर बोलायचा माझ्याइतका हक्क दुसऱ्या कोणाला नाही. तशी एक गाडी कित्येक वर्षं माझ्या दारात येऊन खोकत होती आणि ती परवडली की नाही हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला गॅरेजच्या आठवणी लिहायला सांगितल्या. त्यांना वाटलं असेल, मेस्त्री नाना प्रकारच्या बिघाडांविषयी लिहील. अहो, बिघाड गाडीत थोडा असतो. बाकी सगळा मालकात असतो. म्हणून मालकांविषयीच लिहितो.

गॅरेज होतं महाडला हायवेवर, पोलादपूरच्या अंगाला. आमच्याकडे कुठेही जायचं तर घाट लागतो. खाली गोव्याला जा, कशेडी. महाबळेश्वरला जा, आंबेनळी. भोरला जा, वरंध. अशा ठिकाणी मेस्त्री उपाशी मरत नाही. पण माझ्याकडे येणारा माणूस क्लच जळला, ब्रेक गेला ही तक्रार नंतर सांगायचा. आधी बसायचा, चहा मागवायचा आणि म्हणायचा, "मेस्त्री, अ‍ॅव्हरेज देत नाय हो."

ज्यांनी गाडी पाळली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका लिटरात गाडी किती किलोमीटर जाते ते म्हणजे अ‍ॅव्हरेज. सरळ गोष्ट. पण ह्या एका आकड्यापायी मी भल्याभल्यांना खोटं बोलताना ऐकलंय. माणूस पगार कमी करून सांगतो आणि अ‍ॅव्हरेज वाढवून. शेजाऱ्याच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज आपल्यापेक्षा चांगलं आहे असं कळलं की ह्यांना जेवण जात नाही. मग ते माझ्याकडे येऊन कार्बोरेटर पिळायला सांगतात. पिळून पिळून गाडीत जीव राहत नाही, ती चढाला रडायला लागते, मग पुन्हा माझ्याकडे. चला, तेवढाच माझा धंदा.

महाडातले एक किराणावाले शेठ होते. त्यांनी पेट्रोल वाचवायची स्वतःची युक्ती काढली होती. महाबळेश्वरहून येताना घाटमाथ्यावर इंजिन बंद करायचं, गाडी न्यूट्रलला टाकायची आणि आंबेनळीचा उतार फुकटात उतरायचा. मी त्यांना हात जोडून सांगितलं होतं, "शेठ, ब्रेक दाबायला तुमच्या पायाला इंजिन मदत करतं. इंजिन बंद झालं की दोनचार वेळा ब्रेक लागेल, मग पायडल दगडासारखं होईल." शेठ म्हणाले, "आमच्या पायात ताकद हाय, मेस्त्री." एकदा ही ताकद कमी पडली. पोलादपूरच्या अलीकडे गाडी वळण सोडून सरळ भाताच्या खाचरात जाऊन बसली. नशीब, चिखल होता. मी पोचलो तेव्हा शेठ बांधावर बसलेले, कपाळाला टॉवेल गुंडाळलेला. मला बघून पहिलं वाक्य काय? "मेस्त्री, माथ्यापासून इथवर एक थेंब जाळला नाय!"

"वा!" म्हटलं. "आता टाके किती पडतात ते बघू."

पण शेठ आमच्या सदूभाऊच्या पासंगाला पुरणारे नव्हेत. सदूभाऊ हा पोलादपूरच्या वर, डांबर संपतं तिथल्या वाडीतला. उमर मुंबईला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये काढली. तिथे सुतळीचे तुकडे, रिकामी खोकी, वाकलेले खिळे असं काय काय वाचवून त्याने म्हणे साहेबांकडून शाबासकी मिळवली होती. कंपनीने लवकर घरी पाठवलं तेव्हा आलेल्या पैशातून त्याने एक जुनी व्हॅन घेतली आणि पोलादपूर-महाड पॅसेंजर भरायला लागला. बोलण्यात वाडी आणि मुंबई दोन्ही. "क्या है मेस्त्री, आपला एकच फंडा. सेव्हिंग!" हे वाक्य दिवसातून कितीदा ऐकावं लागे ते विचारू नका. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, पत्ते नाहीत, कोणाच्या वाईटावर नाही. फक्त ह्या सेव्हिंगने त्याला झपाटलं होतं.

एका सकाळी तो व्हॅन घेऊन आला, तोंडभर हसत. "मेस्त्री, मागचा दरवाजा उघडा." उघडला. सीटच्या मागे गोणपाट, गोणपाटाखाली घोंगडी आणि घोंगडीखाली स्वयंपाकाच्या गॅसचा लाल बाटला! त्याच्यातून पाईप निघून पुढे इंजिनकडे गेलेला. पनवेलच्या पलीकडे कोणीतरी हे दिव्य करून दिलं होतं. पुढे डॅशबोर्डला एक खटका. एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला गॅस. गाडी तेव्हा पेट्रोलवर महाग आणि गॅसवर स्वस्त पडायची हे खरं. शहरात रीतसर पासिंग केलेल्या टाक्या बसवून मिळायच्या, त्यांचे वेगळे पंप असायचे. आमच्याकडे तेव्हा असला पंप औषधालाही नव्हता.

मी कपाळाला हात लावला. "सदूभाऊ, हे बेकायदा आहे. वर मागच्या सीटवर माणसं बसून विड्या फुंकतात. भर रस्त्यात उडाल सगळे. काढ आधी हे आणि टाकी बसव."

"टाकी बसवून गॅस भरू कुठं? पनवेलला जाऊ? येईपर्यंत अर्धा संपल."

"तेच म्हणतोय. इथे पंप नाही, मग हा उपद्व्याप कशाला?"

"पंप नाय कसा?" सदूभाऊने छाती पुढे काढली. "पंप माझ्या घरातच हाय!"

त्या वेळी मला पूर्ण अर्थ लागला नाही. मी फक्त बजावलं, ह्या बाटल्याला मी हात लावणार नाही, गाडीचं बाकी काम असेल ते करीन. आणि एक सांगितलं, कारण तेवढं सांगणं माझं काम होतं. "गॅसवर चालव नाहीतर गोबरावर. पण रोज थोडी पेट्रोलवर चालवत जा. पेट्रोलचा पंप आतल्या पातळ पडद्यावर चालतो. तो भिजलेला राहिला तर नरम राहतो. महिनोन् महिने सुका ठेवलास तर तडकेल, आणि गॅस संपेल त्या दिवशी पेट्रोल असूनही गाडी हलणार नाही."

"रोज?" सदूभाऊने असा चेहरा केला की जणू मी त्याला रोज सोन्याचा घास खायला सांगतोय. "मग सेव्हिंग काय राहिलं?" टाकीत त्याने पेट्रोल भरून ठेवलं होतं, पण लग्नातल्या शालूसारखं, नेसायचं नाही, नुसतं आहे म्हणून सांगायचं. बाटल्यात गॅस किती उरला ह्याला काटा नव्हता. सदूभाऊ बोटाने टिचकी मारून आवाजावरून ओळखायचा. "टण् वाजला तर रिकामा, ठप् वाजला तर भरलेला. बोटाला बरोबर समजतं," असं तो पॅसेंजरांनाही सांगायचा. पॅसेंजर बिचारे मान डोलवायचे, दुसरं करणार काय.

घरातला पंप म्हणजे काय ते मला त्या पावसाळ्यात कळलं. व्हॅनच्या स्प्रिंगचा पाटा तुटून ती वाडीतच बसली म्हणून मी वर गेलो. सदूभाऊ खाली पोलादपूरला सामान आणायला गेला होता. त्याच्या बायकोने, सुनंदावहिनीने, "बसा मेस्त्री, च्या टाकते," म्हणून मला पडवीत बसवलं. स्वयंपाकघरातून धूर असा लोटत आला की मी उठून बाहेर उभा राहिलो. ओली लाकडं. वहिनी फुंकणीने फुंकत होती, खोकत होती, पदराने डोळे पुसत होती. आणि तिच्या मागे ओट्यावर दोन बर्नरची गॅसची शेगडी, लखलखीत, वर क्रोशाने विणलेला रुमाल झाकलेला, कोपऱ्यांना मोर.

"वहिनी, शेगडी आहे की. मग चूल का?"

"शेगडी हाय. बाटला कामाला गेलाय."

"कामाला?"

"होय. आमचा बाटला नोकरीला लागलाय, मेस्त्री. सकाळी पोलादपूरला जातो, संध्याकाळी घरी येतो. आल्यावर दमलेला असतो, त्याला हात लावाचा नाय." बोलता बोलता तिने कपबशी पुढे केली. हसली नाही. मीच मूर्खासारखा हसलो आणि मग मला हसल्याचं वाईट वाटलं.

तेव्हाच्या मंडळींना आठवत असेल, गॅसचा नंबर लागायला वर्षानुवर्षं जायची. वहिनीने नाव नोंदवलं तेव्हा पोरगी शाळेत होती, बाटला घरी आला तेव्हा ती लग्न होऊन रोह्याला नांदत होती. तो आला त्या दिवशी वहिनीने शेगडीला हळदकुंकू लावलं, वाडीतल्या बायांना बोलावून निळ्या जाळावर चहा करून दाखवला. आणि नुसता चहा करून ती बसली नाही. पोलादपूरला बदलीवर आलेले मास्तर लोक खोल्या घेऊन राहायचे, त्यांचे जेवणाचे हाल. वहिनीने त्यांचे डबे सुरू केले. सदूभाऊच्या सकाळच्या फेरीबरोबर डबे खाली जायचे. पहिल्यांदा तिच्या हातात स्वतःचं असं काही आलं होतं. हे मला तिने नाही सांगितलं, तिच्या हातचं जेवलेल्या एका मास्तरांनी गॅरेजमध्ये सांगितलं. "काय भाकरी, काय आमटी! पण बंद केले हो डबे तिने. म्हणते, पावसात चूल पेटत नाही, वेळेवर होत नाहीत."

चूल पेटत नव्हती, कारण बाटला व्हॅनच्या मागे घोंगडी पांघरून फिरत होता. आणि सदूभाऊ मला गॅरेजमध्ये बसून हिशोब ऐकवायचा, आज एवढे वाचले, ह्या महिन्यात एवढे वाचले. मी एकदा भडकून म्हटलं, "अरे, डबे बंद झाले त्यात गेले ते कोण धरणार? वहिनीचे डोळे गेले ते कुठे मांडणार?"

"ते वेगळं, मेस्त्री," तो अगदी शांतपणे म्हणाला. "ते घरातलं. हा धंद्याचा हिशोब हाय."

मी पान्हा उचलला आणि दुसऱ्या गाडीखाली शिरलो.

पुढे डबल बाटल्याची सोय झाली. गॅस एजन्सीने दुसरा बाटला दिला. मला वाटलं, सुटली बिचारी. एक गाडीला, एक घराला. कसचं काय! दुसराही गाडीच्याच नावाने लागला, स्पेअर म्हणून. एक व्हॅनमध्ये, दुसरा पडवीच्या कोपऱ्यात बदलीला तयार. त्यानंतर एकदा मी वर गेलो तर रुमाल धुऊन, कडक करून पुन्हा शेगडीवर. मी विचारलं, "वहिनी, दुसऱ्या बाटल्याचं काय म्हणता?" वहिनी काहीच बोलली नाही. चुलीत लाकूड सारत राहिली. सदूभाऊला ह्या गप्प बसण्याचा फार अभिमान. "आमची मंडळी कसली कटकट नाय करत," म्हणायचा.

आता त्या दिवसाकडे येतो.

सदूभाऊचे मुंबईचे ते साहेब, सुतळीच्या तुकड्यांबद्दल शाबासकी देणारे, रिटायर झाले होते. ते आणि बाईसाहेब महाबळेश्वरला निघाले होते आणि सदूभाऊने त्यांना आग्रहाने पोलादपूरला उतरवून घेतलं. रात्री वाडीत मुक्काम, सकाळी स्वतः व्हॅनने घाट चढवून महाबळेश्वरला सोडणार. तो आठवडाभर हवेत होता. माझ्याकडून गाडी धुऊन घेतली, सीटला नवी कव्हरं घातली. "साहेबांना दाखवतो, सेव्हिंग काय असतं ते!" मी विचारलं, "पेट्रोलवर चालवून बघितलीस का हल्ली?" तो म्हणाला, "टाकी फुल्ल हाय." मी म्हटलं, "टाकीचं नाही विचारत." पण तो खटका दाखवण्याच्या तालमीत होता, त्याला ऐकू गेलं नाही.

ठरलेल्या दिवशी जेवणाच्या आधी महाबळेश्वरहून उतरणारी एस.टी. माझ्या दारात थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली. "मेस्त्री, तुमचा सदूभाऊ आंबेनळीत लटकलाय. पावण्यांना दगडावर बसवलंय." मी जीप काढली, दोरखंड टाकला आणि निघालो.

घाटाची दोनचार वळणं चढलो आणि दिसले. साहेब टोपी घालून कठड्यावर, बाईसाहेब पर्सने माश्या वारताहेत, माकडं समोर ओळीने बसून तमाशा बघताहेत. सदूभाऊ घामाने न्हालेला, खटका इकडून तिकडे, तिकडून इकडे. "मेस्त्री, गॅस मिळत नाय. पेट्रोलवर टाकली तर उचलत नाय. टाकी फुल्ल हाय हो!"

मी पुढची सीट उचलून पेट्रोलचा पंप खोलला. पडदा पापडासारखा. बोटाने दाबला तर तुकडा हातात आला. "घे," म्हटलं, "हे तुझं सेव्हिंग."

"पण गॅस कसा संपेल? काल रात्री मी माझ्या हातानं भरलेला बाटला लावला!" तो मागे धावला, गोणपाट बाजूला केलं, घोंगडी ओढली आणि बाटल्यावर टिचकी मारली.

टण्.

पुन्हा मारली. टण्. सदूभाऊ बाटल्याकडे बघत राहिला. वाकून खालच्या कडेचा पोचा चाचपला. "हा तो बाटला नाय," तो पुटपुटला. "हा रिकामा. हा मी कोपऱ्यात ठेवलेला, भरायला न्यायचा." मग त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. वाडीत पहाटे त्याच्याआधी कोण उठतं हे त्याला माहीत होतं. आणि बाटल्याच्या तोंडावरचा चाप हा घरच्या शेगडीचाच, दाबला की सुटतो. तो काढायला मेस्त्री लागत नाही. रिकाम्या बाटल्यात तळाला उरलेली फुंकर तेवढी, घाटापर्यंत पुरली आणि संपली. आयुष्यात फार थोड्या वेळा मला गप्प बसायला इतकं बरं वाटलंय.

व्हॅन टोचन करून, म्हणजे माझ्या जीपला दोराने बांधून, सावकाश उतरवली. सदूभाऊ म्हणाला, "साहेबांना पोलादपूरला एस.टी.त बसवून देतो." साहेब म्हणाले, "बाबा रे, आता आधी काहीतरी खाऊ." पोलादपूरला हॉटेलं होती, पण साहेबांना हॉटेलात नेऊन खर्च करायचा म्हणजे सदूभाऊच्या जिवावर आलं असावं. वरात पुन्हा वाडीत गेली. मला वाटलं, बिचाऱ्या वहिनीची धांदल उडणार.

दारात पोचलो तर धूर नाही, खोकला नाही. पडवीत पाट मांडलेले. ताटं वाढून तयार. तांदळाची गरम भाकरी, वालाचं बिरडं, भात, वर साजूक तूप, वाटीत खीर. पाटही मोजून मांडलेले. सदूभाऊ, साहेब, बाईसाहेब आणि चौथा माझा.

"माझा पण पाट मांडलात, वहिनी?"

"म्हंजे काय? गाडी आणाला तुम्हीच जाणार ना," ती म्हणाली. "या, हातपाय धुवा. भाकरी निवल."

जेवायला बसलो. साहेबांनी खाली मान घालून भाकऱ्यांचा फडशा पाडला. बाईसाहेबांनी बिरड्याचा घास घेतला आणि डोळे मिटले. "अगं बाई, काय चव आहे! चुलीवरचं ना? मला लगेच कळतं. आमच्या मुंबईत मेलं सगळं गॅसवरचं, त्याला चवच नसते. तुम्ही खरंच नशीबवान हो, तुमच्याकडे अजून चूल आहे."

सदूभाऊचा घास हातातच राहिला. वहिनी वाढता वाढता थांबली. तिने पळी भांड्यात ठेवली.

"मग बाईसाहेब, तुमचा बाटला द्या पाठवून," ती म्हणाली. "यांच्या गाडीला दोन कमी पडतात."

"गाडीला?" साहेबांनी मान वर केली. "कसला बाटला?"

"सैपाकाचा. सकाळी तुम्ही ज्याला टेकून बसला व्हता ना, घोंगडी घातलेलं, तोच. आज रिकामा व्हता म्हणून बरं. भरलेला माझ्याकडं हाय. हे सगळं त्याच्यावरच केलंय."

साहेबांचा रंग उडाला. ते एकदा व्हॅनकडे बघत होते, एकदा आपल्या कोपराकडे, आणि मग त्यांनी सदूभाऊकडे पाहिलं. आयुष्यभर ज्या माणसाच्या शाबासकीवर सदूभाऊ उभा होता, तो माणूस त्याला म्हणाला, "सदाशिव, अरे, अक्कल गहाण ठेवलीस काय? आणि घरात चूल पेटवतोस? लाज नाही वाटत?" बस्स. सदूभाऊ ताटातल्या भाताशी बोटांनी खेळत राहिला. मला त्याची दया आली हे कबूल करतो. पण भाकरी इतकी छान झाली होती की दया फार वेळ टिकली नाही.

जेवणं झाली. वहिनी माझ्याकडे वळली. "मेस्त्री, पान्हा आणलाय ना? मग आता तो पाईप नि खटका काढा गाडीतून. माझ्या देखत."

मी सदूभाऊकडे बघितलं. त्याने मान वर केली नाही. खाली बघतच एवढंच बोलला, "काढा, मेस्त्री."

काढलं सगळं. पाईप, खटका, बाटल्याखालच्या पट्ट्या. जुनी घाण, काळं तेल, हात कोपरापर्यंत बरबटले. वहिनी स्वतः रिकामा बाटला उचलून पडवीत ठेवून आली. मी हात पुसायला फडकं शोधत होतो, तेवढ्यात ती आत गेली आणि शेगडीवरचा तो मोरांचा रुमाल घेऊन आली.

"घ्या, याला पुसा."

"अहो वहिनी, विणलेला रुमाल, ह्याला कशाला..."

"पुसा हो," ती म्हणाली. "आता शेगडी झाकाची नाय."

आणि ती रडली. त्या सगळ्या धुराच्या दिवसांत मी तिला डोळे पुसताना कितीदा पाहिलं होतं, पण रडताना नाही. मी रुमालाला हात पुसले. ते काळे डाग पुढे कधी गेले नाहीत. रुमाल मी घरी आणला, तो अजून आहे.

डबे पुन्हा सुरू झाले. व्हॅनला मी नवा पंप बसवला आणि ती पेट्रोलवर फिरायला लागली, मागे घोंगडीच्या जागी डब्यांची पेटी. सदूभाऊने सेव्हिंग हा शब्द सोडला असं मात्र नाही. माणूस एवढा बदलत नसतो. पण माझ्या गॅरेजात हिशोब ऐकवायला लागला की मधेच थांबायचा आणि दाराकडे बघायचा, वहिनी आली का म्हणून.

हे सगळं मी नितीनला सांगितलं. तो मनापासून हसला. मग आपलं रंगीत पुस्तक सरळ करत म्हणाला, "पण मामा, हायब्रिडला घरातला सिलिंडर थोडाच लागतो!"

"नाही ना लागत? मग झालं तर. पैसे कुठून आणतोस?"

"आहेत बाजूला ठेवलेले. नेहाला स्वतःचं क्लिनिक काढायचंय ना, फिजिओथेरपीचं, त्यासाठी गाळा बघत होतो. तिला म्हटलं, ते पुढच्या वर्षी बघू. आधी गाडी घेऊ. पेट्रोल किती वाचेल!"

"मग काय म्हणाली तुझी बायको?"

"काही नाही. ती समजूतदार आहे. गप्प बसली."

मी उठलो, कपाटातून तो रुमाल काढला आणि त्याच्या पुस्तकावर पसरला, डागांसकट.

"घे बाबा गाडी," म्हटलं. "फक्त घाट चढायच्या आधी टिचकी मारून बघत जा."